उलट्या फेऱ्यांची गोधडी

गोधडी वाचता येते. मला पाटीवरचं फारसं वाचता येत नाही, दुसरीत शाळा सुटली ती कायमची. पण गोधडी पुढ्यात टाका, शिवणारीच्या घरात काय चाललंय ते सांगते. टाका बारीक आणि दोरा ओढलेला असला की बाई रागात होती. टाका लांब आणि ढिला असला की एक तर तिला झोप येत होती, नाहीतर काम सासूनं लादलेलं होतं. लाल आणि हिरवी चिंधी शेजारी ठेवणारीचं मन थाऱ्यावर असतं. मळके रंग काठाला लावून उजळ रंग मध्ये दडवणारी मनातलं कोणाला सांगत नाही. आमच्या धरणगावात बेबाबाईच्या सुनेची गोधडी पाहून मी म्हटलं होतं, ही पोर दिवाळीच्या आत माहेरी जाऊन बसेल. बसली. लोक म्हणाले, सुगंधाबाईची जीभ वाईट. जिभेला कशाला बोल लावता, कापडावर होतं ते मी सांगितलं.

अठ्ठ्याऐंशी साली, ऐन कापूस वेचणीत, माझ्या चुडामणला मुलगा झाला. बाराव्या दिवशी बारसं धरलं. बारशाला आत्या लागते. बाळाच्या कानात नाव आत्यानं सांगायचं आणि त्याच्या अंगाखाली पहिली गोधडी आत्याच्या हातची घालायची, ही आमच्या घरची रीत. आत्या म्हणजे माझी सुनंदा. धुळ्याला, देवपुरात दिलेली. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मांडी रिकामी होती. नवरा निंबा एकुलता एक. घरात तिसरं माणूस म्हणजे सासू, ताईबाई. रिकाम्या मांडीच्या बाईचं एकुलत्या एका पोराच्या घरात काय होतं, हे मला कोणी शिकवायला नको. सहा वर्षं मी त्याच धाकात होते. कोणाजवळ बोलले नाही, बोलायची मला सवयही नाही.

बारशाला सुनंदा आली नाही. निंबा जावई एकटे आले, कागदात गुंडाळलेली गोधडी दिली आणि म्हणाले, "आईचं जरा बरं नाही, म्हणून ती थांबली."

सासूचं बरं नाही! आत्यानं भाच्याच्या बारशाला न येण्याला हे कारण? जावई जेवून गेले, बायका पांगल्या, तेव्हा गोधडी अंगणात उन्हात पसरली आणि वाचायला बसले.

आमच्याकडे गोधडी काठाकडून शिवायला घेतात. एका कोपऱ्यातून सुरुवात, चारी बाजूंनी फेरा, त्याच्या आत दुसरा फेरा, त्याच्या आत तिसरा, असं करत पोटाशी यायचं. फेरा देवळातल्या प्रदक्षिणेसारखा जातो. पोटात, अगदी मधोमध, शिवणारीनं आपल्या सुखातला एखादा तुकडा घालायचा. शालूचा, डोहाळजेवणाच्या चोळीचा, जे असेल ते.

पहिल्यांदा दिसला तो काठ. काळा. लेकराच्या गोधडीला काळा काठ मी जन्मात पाहिला नव्हता. मग चिंध्या पाहिल्या. सहा वर्षांत सुनंदाला मी जेवढी लुगडी-साड्या दिल्या तेवढ्या मला पाठ आहेत. त्यातली एकही चिंधी नव्हती. सगळी दुसऱ्याची जुनेरं. पोटाकडे गेले तसे टाके वेडेवाकडे व्हायला लागले, एक इथे, एक तिथे, जसं शिवणारीला समोरचं दिसत नाही. डोळ्यांत पाणी असलं की असंच होतं. मग मी बोटानं फेरा धरून चालले आणि माझं बोट थांबलं. फेरे उलटे होते. पहिल्यापासून शेवटपर्यंत उलटे. उलटा फेरा कुठे घालतात ते ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याला ठाऊक आहे.

आणि पोटात हिरव्या पोपटांचा एक तुकडा. लहान पोरीच्या झग्याचा, धुऊन धुऊन विटलेला.

माझ्या सुनंदाला पोर नाही. मग त्या घरात पोरीचा झगा कोणाचा?

सवत. दुसरं काही असूच शकत नाही, असं मला वाटलं. निंबानं कुठेतरी दुसरं घर केलं आहे, तिथे पोरगी आहे, आता ती बाई घरात आणून बसवली आहे, म्हणून सुनंदाला माहेरी सोडत नाहीत. तोंडानं बोलता येत नाही म्हणून माझी लेक दोऱ्यानं सांगते आहे की माय, माझे उलटे फेरे सुरू झाले.

मी कात्री घेतली आणि पोटाकडून उसवायला बसले. असली गोधडी लेकराच्या अंगाखाली मी जाऊ देणार नव्हते.

सून लता बाळाला घेऊन दारात उभी होती. "सासूबाई, इतकी मऊ गोधडी आहे. उसवता कशाला?"

"तुला कळायचं नाही. बाळंतिणीनं उन्हात उभं राहू नये, आत जा."

अकरा फेरे उसवले. पोपटांचा तुकडा चार दोऱ्यांवर लोंबायला लागला तेव्हा कात्री ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं चुडामणला सोबत घेऊन निघाले. एरंडोलला गाडी बदलली, पारोळा गेलं, दुपारी धुळ्यात उतरलो. पिशवीत उसवलेली गोधडी आणि सुनंदाचं सामान भरायला दोन रिकाम्या थैल्या.

दार सुनंदानंच उघडलं. "माय! अशी अचानक? बाळ बरं आहे ना?"

"बाळ बरं आहे. तू कपडे भर."

ओट्यावर ताईबाई बसल्या होत्या, एका डोळ्यावर हिरव्या कापडाची पट्टी. मी मनात म्हटलं, सोंग.

"कोन शे? इहीनबाई का?" त्यांनी मान वळवली. "या, बठा. सुनंदा, गूळ आन. पानी तं त्या आपलाकडनं पेतस नही."

लेकीला पोर होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हे मी पाळत होते. त्यात टोमणा मारण्यासारखं काय होतं? मी उभ्यानंच म्हटलं, "बसायला आले नाही. लेकीला न्यायला आले. तुमच्या घरात दुसरी कोण आहे, तिला बोलवा. मला तिचं तोंड पाहायचंय."

"दुसरी कोन?"

"झगा घालणाऱ्या पोरीची आई."

ताईबाईंचा चेहरा असा झाला की मला वाटलं, लागलं वर्मी. मी पिशवीतून गोधडी काढली आणि त्यांच्या मांडीवर टाकली. "वाचता येतं मला. हे काळं, हे उलटं, हे रडणं. माझी लेक तोंडानं सांगत नाही म्हणून मला कळत नाही असं समजू नका."

त्यांनी गोधडी चाचपली. हात काठावरून गेला, मग आत, मग आणखी आत, आणि पोटाशी आल्यावर सुटलेले दोरे बोटांना लागले. त्या दोऱ्यांवरून बोटं पुन्हा पुन्हा फिरली.

"हाई कोनी उसवी?"

"मी."

"बठ्ठं उसवी टाकं?"

"अकरा फेरे."

"दोन महिना लागनात माले त्या अकरा फेरासले," त्या म्हणाल्या. भांडणाचा आवाज नव्हता तो. भांडणाचा असता तर मला सोपं गेलं असतं.

मला आधी कळलंच नाही. मी सुनंदाकडे पाहिलं. ती खांबाला टेकून उभी होती, लहानपणी दूध सांडल्यावर उभी राहायची तशी.

"गोधडी मी शिवली नाही माय," ती म्हणाली. "बाईंनी शिवली. मला शिवता येत नाही."

"येत नाही म्हणजे? चुडामणच्या लग्नात दिलीस ती?"

"ती पण बाईंनीच."

चुडामणच्या लग्नातली ती गोधडी मी खाटेवर टाकून सगळ्या गल्लीला दाखवली होती. हा माझ्या सुनंदाचा हात, असं म्हणत प्रत्येकीला टाका दाखवला होता.

"तिचे फेरे कसे होते?" मी विचारलं. का विचारलं ते मलाही ठाऊक नाही.

"उलटेच होते. तू पाहिलेच नाहीस. तू तेव्हा कौतुक करत होतीस. माय, जन्मात पहिल्यांदा तू माझं कौतुक केलंस. मी कसं सांगणार होते?"

चुडामण मागून म्हणाला, "मी तुला बसमध्ये म्हणतच होतो, आधी विचारून घेऊ."

"तू बसमध्ये घोरत होतास. गप बस."

ताईबाईंनी आपला डावा हात पुढे केला. तर्जनीच्या टोकाला सुईनं केलेला घट्टा होता, माझ्या उजव्या बोटाला आहे तसाच. "मना हात डावा शे, इहीनबाई. म्हनून फेरा उलटा. दुसरं काही नही. मनी मायनी हाऊ हात खाटना खुरले बांधी ठेवा, चटका दिधा, पन सुई धरी की याच हातमा. लगीन व्हयनं, सासूले समजू दिधं नही. दार लावी शिवू. आख्खा जनम झाकी ठेवा."

"मग सुनंदाला कसं कळलं?"

"ती दार न वाजवता उनी."

सुनंदा डोळे पुसत हसली. "लग्नाच्या पहिल्याच वर्षी. बाई डाव्या हातानं शिवताना सापडल्या आणि मी त्यांच्या पाया पडून सांगितलं, मी सुगंधाबाईची लेक आणि मला धड टाका येत नाही, कोणाला सांगू नका. तेव्हापासून दोघींनी एकमेकींचं झाकलं."

ताईबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एका डोळ्याचं ऑपरेशन बारशाच्या चार दिवस आधी झालं होतं. डॉक्टरनं वाकायचं नाही, रडायचं नाही, सुई हातात धरायची नाही असं बजावलं होतं. म्हणून सुनंदा थांबली होती. जावयांनी जे सांगितलं त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पोटाकडचे वाकडे टाके डोळ्यांतल्या पाण्याचे नव्हते, मोत्याचे होते. आणि सुनंदाच्या साड्यांची चिंधी नव्हती कारण ताईबाई सुनेची चांगली साडी फाडायला तयार नव्हत्या. स्वतःची सगळी जुनेरं त्यांनी संपवली होती.

मी उभीच होते. थैल्या काखेत. जे ठरवून आले होते तेच बोलले. "बरं. तरी चार दिवस माहेरी चल. भाच्याला पाहा."

"येईन. बाईंची पट्टी सुटली की येईन, तुझ्या जावयांबरोबर येईन. आज नाही." सुनंदानं माझ्या काखेतल्या थैल्या काढून घेतल्या. "आज मी तुझ्याबरोबर थैल्या भरून निघाले तर सगळं देवपूर काय म्हणेल? या घरात सवत नव्हती माय. गोधडीतून तूच काढून आणलीस."

एवढं मला आजवर कोणी सुनावलं नव्हतं. नवऱ्याचीही छाती झाली नाही.

मी चुडामणला म्हटलं, "तू परत जा. लताला सांग, मी चार दिवसांनी येईन."

"आणि इथं काय करणार?"

"उसवलं कोणी? मी. मग शिवणार कोण, तुझा बाप?"

ताईबाई म्हणाल्या, "सुनंदा, इहीनबाईले सुई दे. मोठी दे. मनी दे."

पहिला फेरा मी माझ्या हातानं घातला, उजव्या. दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत जाते न जाते तोच कापडाला चुणी पडली. हे मला आधीच कळायला हवं होतं. शिवणारीचा हात कापड थोडं थोडं एका अंगाला ढकलत नेतो. बाहेरचे सगळे फेरे एका बाजूनं ढकललेले, आणि मी आतून उलट ढकलत होते. गोधडी मध्येच आवळून आली. मी टाके काढले, पुन्हा घातले, पुन्हा चुणी.

"तो हात नही चालनार," ताईबाई न पाहताच म्हणाल्या. त्यांना दोऱ्याच्या आवाजावरून कळत होतं.

मी सुई डाव्या हातात घेतली. पन्नाशी उलटलेली बाई, अख्ख्या गल्लीच्या गोधड्या वाचणारी, आणि मला टाका येईना. सुई बोटात घुसायची, कापडात नाही. एक टाका बोटाएवढा, पुढचा तिळाएवढा. ताईबाई माझ्या हातावर हात ठेवून ढकलायच्या. "कोपर वर. तशी नही. तुमी चुलामा लाकूड घाली राहिनात का?" मी म्हटलं, "तुमचा डोळा बरा होऊ द्या, मग बघते तुमच्याकडे." दिवसभर असंच चाललं. तहान लागली की मी शेजारच्या शेवंताबाईंच्या माठावर जाऊन पाणी पिऊन यायची. त्या विचारायच्या, विहीणबाईंकडे पाणी नाही का? मी म्हणायची, आहे, पण मला चालायला बरं वाटतं.

तिसऱ्या दिवशी पोटाजवळ आलो. ताईबाईंनी हात पुढे केला आणि पोपटांचा तुकडा शोधला.

"शे ना जागावर?"

"आहे."

"मनी रंजूना झगा शे तो. निंबानी मोठी बहीण. चार वरीसनी व्हती, गोवर निंघना, गयी." त्या तुकड्याच्या कडेवरून अंगठा फिरवत बोलत होत्या. "आत्यानी गोधडी व्हती ना. मनी रंजू जगती तं ती बी आज कोनीतरी आत्या व्हती. हाई घरमा पाळना हालेना. मंग मी म्हनं, तुमना घरमा हालना, तं तठे जाऊ दे तिले."

मला ओसरीवरचा खांब दिसत होता, दोरीवरचे कपडे दिसत होते, आणि मी त्या कपड्यांकडे बघत बसले. पोटात सुखातला तुकडा घालायचा असतो. त्यांनी तोच घातला होता. माझ्या वाचण्यात एक गोष्ट मात्र बरोबर होती, त्या गोधडीत रडणं होतं. फक्त ते माझ्या लेकीचं नव्हतं, म्हणून मला त्याचं काही वाटलं नव्हतं.

"इहीनबाई, काठ बरा दिखस ना?" त्यांनी विचारलं. "गर्द हिरवा सोधी सोधी लाया."

सुनंदानं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. म्हणजे काठ काळा आहे हे तिला ठाऊक होतं आणि तिनं सांगितलं नव्हतं. खरं बोलायला मी कधी कोणाच्या बापाला भ्यायले नाही. पट्टी सुटल्यावर त्यांना दिसणार होतंच. तेव्हा माझ्या नावानं काय बोलायचं ते बोलतील.

"गर्द हिरवा आहे," मी म्हटलं. "पोपटाला शोभतो."

तुकडा बसवायचा राहिला होता. चार बाजू. मी तीन शिवल्या आणि सुई सुनंदाकडे दिली. ती मागे सरली. "माय, नको. खराब होईल."

"आत्या तू आहेस की मी?"

तिनं सुई घेतली. उजव्या हातानं धरली, तीही वेडीवाकडी. जीभ दातांत धरून तिनं टाके घालायला घेतले. सहा टाके झाले. एकही दुसऱ्यासारखा नव्हता. एक तर कापडातून गेलाच नव्हता, नुसता वरून दोरा पडला होता. तिनं गोधडी माझ्यापुढे सरकवली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

मी नीट पाहिलं. चष्मा लावून पाहिलं.

"भिकार आहेत," मी म्हटलं. "इतका वाईट टाका मी आजवर पाहिला नाही."

ताईबाई दचकल्या. सुनंदा मात्र हसायला लागली. आधी तोंडावर पदर घेऊन, मग पदर सोडून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सहा वर्षांत ती माझ्यासमोर अशी हसली नव्हती. "उसवू का?" तिनं विचारलं.

"खबरदार," मी म्हटलं आणि दोऱ्याला गाठ मारली.